विश्वनाथदाजींचं कुलदैवत

माझे दाजी विश्वनाथ वैद्य यांनी एके सकाळी प्लॅस्टिकच्या नळीत थुंकून ती नळी कुरियरने एका कंपनीला पाठवली आणि आपलं कुलदैवत कोणतं, हे कळण्याची वाट बघत बसले. हसू आलं असेल तर हसून घ्या. मीही हसलो. पण दाजी खुळे नव्हते, हे आत्ताच सांगून ठेवतो. दिल्लीच्या कृषी भवनात त्यांची सगळी नोकरी झाली, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली फाइल वरून परत आली असं कधी घडलं नाही. शेतकऱ्यांच्या योजनांवर जन्मभर टिपणं लिहिली. शेतात पाय मात्र ठेवला नाही. ते म्हणत, पाय ठेवला असता तर टिपणं लांबली असती.

मी शांताराम, दाजींचा मेहुणा. माझी थोरली बहीण प्रभा त्यांना दिलेली. मी कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात काउंटरवर होतो. खोली कोणाला मिळेल आणि कोणाला मिळणार नाही हे सांगण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे माणूस कुठला ते मला त्याने तोंड उघडताच कळतं. सांगलीचा, अकोल्याचा, चिपळूणचा. दाजींचं मात्र मला कधी कळलं नाही. त्यांचं मराठी कुठलंच नव्हतं. पुस्तकातलं होतं, आणि त्यात मधूनमधून 'अच्छा' आणि 'बिल्कुल' पेरलेलं.

दिल्लीत ओळख झाली की दुसरा प्रश्न ठरलेला, आप कहाँ से हैं. 'महाराष्ट्र' म्हटलं की दिल्लीकराचं समाधान होतं. पंचाईत होते ती आपली माणसं भेटली की. "वैद्य म्हणजे कुठले वैद्य?" आडनावाच्या शेवटी 'कर' असता तर निदान गाव तरी हाती लागलं असतं. वैद्य सगळ्या जातींत आहेत, सगळ्या जिल्ह्यांत आहेत. दाजींचे वडील भाऊसाहेब स्वातंत्र्यानंतर लगेच दिल्लीत आले, कारकून म्हणून चिकटले, आणि आर. के. पुरम वसलं तेव्हा त्यांना तिथे क्वार्टर मिळालं. त्याआधी ते कुठे होते, कोणालाच माहीत नाही. शेजारी तमिळ, बंगाली, मल्याळी. मे महिना आला की जो तो ट्रंका भरून गावी जायचा आणि सगळ्या ब्लॉकमध्ये वैद्यांचं तेवढं घर उघडं. आपलं गाव कुठे, असं दाजींनी विचारलं की भाऊसाहेब चष्मा काढून पुसायला घ्यायचे. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहायचे, आणि मग म्हणायचे, जा, खेळायला जा.

दाजींच्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी रीतसर चौकशी केली. गोत्र? काश्यप, भाऊसाहेबांनी सांगितलं. कुलदैवत? भाऊसाहेबांनी चष्मा काढला. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नसतं तो काश्यप सांगतो, हे माझ्या वडिलांना चांगलं माहीत होतं. घरी येऊन त्यांनी ते आईला बोलूनही दाखवलं. पण मुलगा केंद्र सरकारात कायम, निर्व्यसनी, बापाचं क्वार्टर आर. के. पुरमला; काश्यप तर काश्यप. पत्रिकेवर आमच्याकडची तुळजाभवानी छापली आणि लग्न निभावलं. लग्नानंतर नव्या जोडप्याने कुलदैवताला जायचं असतं. प्रभाताई आणि दाजी मसुरीला गेले.

पुढे भाऊसाहेब वारले, दिल्लीतल्याच द्वारकेत फ्लॅट झाला, दाजी निवृत्त झाले, आणि हा विषय कुणी काढला नाही. मग तीन-चार वर्षांपूर्वी सुनीतीचं लग्न ठरलं.

सुनीती त्यांची एकुलती एक मुलगी. दिल्लीतल्याच एका संशोधन संस्थेत आहे. जुन्या हाडांतून डीएनए काढायचा आणि माणसं कुठून कुठे गेली ते बघायचं, असं तिचं काम. मुलगा तिच्याच लॅबमधला, सतबीर, हिसार जिल्ह्यातल्या शेतकरी घरचा. उंच, शांत, आणि वाढणाऱ्याला कधी 'नको' न म्हणणारा. प्रभाताईला तो पहिल्याच जेवणात पसंत पडला. दाजींचीही हरकत नव्हती. गाडी अडली ती पत्रिकेच्या पहिल्या ओळीवर.

चावडी बाजारात पत्रिका निवडायला दाजी आणि मी गेलो होतो. आपल्याकडे पत्रिकेच्या माथ्यावर कुलदैवताचं नाव असतं, अमुक प्रसन्न, आणि छापून आलेली पहिली पत्रिका त्या दैवतापुढे ठेवतात. बाकीचं जग नंतर. दुकानदाराने महाराष्ट्रीयन पत्रिका पुष्कळ छापलेल्या होत्या. त्याने पेन उघडून विचारलं, "ऊपर क्या आएगा? खंडोबा, भवानी, बालाजी?" दाजी नमुन्याच्या पत्रिका चाळत राहिले. दुकानदार समजूतदार निघाला. म्हणाला, "'कुलदेवता प्रसन्न' डाल देते हैं, बहुत लोग डालते हैं." दाजींनी नकारार्थी मान हलवली आणि सरळ दुकानाबाहेर पडले.

मेट्रोत ते मला म्हणाले, "शांताराम, पाकिटावर पत्त्याच्या जागी 'पत्ता' असा शब्द लिहून ते टपालात टाकतात का?"

मी म्हटलं, "दाजी, बघतंय कोण? तिकडचे सगळे हरियाणवी. मराठी पत्रिका त्यांना वाचता तरी येणार आहे का?"

त्यावर ते उखडले. "कोणी बघण्याचा प्रश्नच नाही. मी एकटा, मला ही एकटी. लग्न झालं की तिचं कुलदैवत सासरचं. वैद्यांच्या घरातली ही शेवटची पत्रिका आहे. हिच्यावर नाव आलं नाही तर मग ते कोणीच शोधणार नाही. जो कोण देव असेल तो तिकडे बसलेला, आणि त्याला बोलावणारं इकडे कोणी उरलेलं नाही." डब्यातली माणसं बघायला लागली. मी दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचत राहिलो.

त्यानंतर कधीतरी त्यांना मोबाइलवर जाहिरात दिसली, तुमचे पूर्वज कुठून आले ते जाणून घ्या. मुलगी त्याच विषयातली असून तिला न विचारता त्यांनी नळी मागवली. विचारलं तर ती हसेल ही भीती होतीच. शिवाय त्यांच्या मते ही घरातली बाब होती, लॅबची नव्हे. थुंकण्याआधी काही खायचं-प्यायचं नाही अशी सूचना होती. दाजींनी ती पाळलीच, वर आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आणि मग बाल्कनीत नळी घेऊन बसले.

"एवढं सोवळं कशाला?" प्रभाताईने विचारलं.

"संकल्प सोडण्यासारखंच आहे हे," दाजी म्हणाले. ताईने कपाळाला हात लावला आणि आत जाऊन चहा टाकला.

रिपोर्ट फोनवर आला. दाजींनी तो झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतला, पंच केला, टॅग लावला, आणि माझ्या घरी घेऊन आले. नकाशे होते, नकाशांवर जाड बाण होते. पूर्वजांचा मोठा भाग 'प्राचीन इराणी शेतकऱ्यांशी संबंधित' असा. त्याखालोखाल दक्षिण आशियातले आदिम शिकारी. थोडा भाग मध्य आशियातल्या गवताळ मुलखातल्या पशुपालकांचा, गुरं आणि घोडे घेऊन फिरणाऱ्यांचा. बापाकडून मुलाकडे जाणारी खूण या पशुपालकांची. आईकडून आलेली खूण मात्र इथलीच, फार जुनी.

मी सगळं नीट वाचलं. "दाजी, यात जिल्हा कुठाय?"

"तेच शोधतोय. इराण आला, मध्य आशिया आला. तालुक्याचा पत्ता नाही."

पण सेक्शन ऑफिसर माणूस. माहिती अपुरी आहे म्हणून फाइल अडवून ठेवणारा नव्हे. असलेल्या कागदांवरून त्यांनी मनातल्या मनात टिपण तयार केलं होतं. बापाकडची खूण घोडेवाल्यांची. घोड्यावर बसणारा देव कोण? खंडोबा. आईकडची खूण इथल्या मातीतली. म्हणजे देवी. आपल्याकडे घरोघरी कुलस्वामी आणि कुलस्वामिनी अशी दोन दैवतं असतातच, तेव्हा हिशेब बसला. अडचण राहिली मधल्या मोठ्या भागाची. "हे इराणी शेतकरी कशाची पूजा करत असतील?" त्यांनी मला विचारलं. मी काउंटरवरचा माणूस. मी म्हटलं, पावसाची. त्यांनी ते पेन्सिलीने समासात लिहून घेतलं.

रविवारी सुनीती आणि सतबीर जेवायला आले, मीही होतो. दाजींनी तो गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. तिने दोन पानं उलटली आणि डोळे मिटून घेतले.

"बाबा यार, मला विचारायचं ना."

"आता विचारतोय. एकच मुद्दा आहे. हे इराणी शेतकरी इकडे आले, शेती घेऊन आले, आणि आपण त्यांचे वंशज. बरोबर?"

"तसं नाहीये," सुनीती म्हणाली. "म्हणजे, पूर्वी तसं वाटायचं. युरोपात तसंच झालं होतं. तुर्कस्तानकडचे शेतकरी स्वतः चालत चालत युरोपात गेले, बियाणं, शेळ्या-मेंढ्या, बायकामुलं सगळं घेऊन. त्यांच्या हाडांत ते क्लिअर दिसतं. पण इथे राखीगढीला एका बाईचा सांगाडा मिळाला, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. सतबीरच्या गावापासून जवळच. तिच्यातही हा इराणसारखा भाग आहे. पण तो इराणच्या शेतकऱ्यांकडून आलेला नाही. त्यांचे पूर्वज आणि हिचे पूर्वज वेगळे झाले तेव्हा तिकडेसुद्धा शेती नव्हती. सगळे शिकारच करायचे."

"म्हणजे चुलत," प्रभाताई आमटी वाढता वाढता म्हणाली.

"बिल्कुल, आई. लांबचे चुलत."

"मग शेती आणली कोणी?" दाजींनी विचारलं.

"कदाचित इथल्यांनी इथेच सुरू केली. कदाचित ऐकून, बघून शिकले, तिकडची माणसं फारशी न येता. आणि एकाच बाईवरून किती बोलायचं, यावरही भांडणं चालू आहेत."

दाजींनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे आपण आलो की नाही आलो?"

"काही आलो, काही इथेच होतो. सगळेच मिक्स आहोत. घोडेवाले तर त्या बाईच्या बऱ्याच नंतर आले. तिच्यात त्यांचा काहीच भाग नाही."

"माझ्यात आहे."

"तुमच्यात आहे, माझ्यात आहे. सतबीरमध्ये आपल्यापेक्षा जास्त निघेल."

सतबीरला मराठी अर्धवट कळतं. त्याने पोळी घेता घेता मान डोलावली.

"आणि खंडोबा?" दाजींनी विचारलं.

सुनीतीला आधी कळेना. कळलं तेव्हा ती हसली, आणि बापाचं तोंड बघून लगेच थांबली. "बाबा, हा सगळा हजारो वर्षांचा हिशेब आहे. तुम्हाला पाहिजे ते फार तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं. गाव, देव, हे काही डीएनएमध्ये नसतं."

"दहा हजार वर्षांपूर्वी मी कोण होतो ते तुम्ही सांगता. माझा आजा कुठे राहायचा ते सांगता येत नाही. हे कसलं शास्त्र?" दाजींनी ताट बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाले, "भाऊंच्या हाडावरून कळलं असतं?" वडिलांना ते भाऊ म्हणत.

"गाव नसतंच कळलं, बाबा. आणि तसंही, आम्हाला पुरलेली माणसंच मिळतात. जाळल्यावर हाडात आमच्या कामाचं काही उरत नाही."

"मीच अग्नी दिला होता," दाजी म्हणाले. "निगमबोध घाटावर." आणि हात धुवायला उठले. मला त्या दिवशी काय समजलं असं कोणी विचाराल तर प्रामाणिकपणे सांगतो, काहीही नाही. शेतकरी आले आणि आले नाहीत, शेती आली आणि इथलीच होती. सदनात असा पाहुणा आला असता तर मी त्याला खोली दिली नसती.

थंडीत सतबीरच्या घरच्यांनी आम्हाला गावी बोलावलं. सतबीर गाडी चालवत होता, सुनीती पुढे, आम्ही तिघं मागे. रोहतकच्या पुढे दोन्ही बाजूंना सरसों, म्हणजे मोहरी, फुललेली. दाजी काचेला नाक लावून बघत होते. सरसोंच्या हमीभावावर त्यांनी कितीतरी टिपणं लिहिली होती, पण तिचं फूल ते बहुधा पहिल्यांदाच बघत असावेत.

"तुमचे लोक इथलेच ना, मूळचे?" त्यांनी सतबीरला हिंदीत विचारलं.

"नहीं अंकल, हम भी राजस्थान की तरफ़ से आए थे, ऐसा बोलते हैं. कब आए, किसी को ठीक से पता नहीं."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. शेतकरी म्हणजे एका जागी राहणारा आणि सरकारी नोकर म्हणजे बदलीवर जाणारा, अशी त्यांची नोकरीभरची समजूत. तीही आता गेली.

सतबीरच्या घरात सत्ता त्याच्या आजीची. सगळे तिला दादी म्हणत. ताठ बाई, डोक्यावरून ओढणी, आवाज शेताच्या पलीकडे जाईल असा. चहा झाला आणि ती म्हणाली, आधी खेड्यावर चला. गावाच्या कडेला एक पांढरी घुमटी होती, आपल्या तुळशी वृंदावनाहून थोडी मोठी. तिला ते दादा खेडा म्हणतात. ज्याने गाव वसवलं त्या पहिल्या माणसाची ती जागा. घरात लग्न निघालं की आधी तिथे सांगायचं, नवी सून आली की आधी तिथे आणायची. दादीने दिवा लावला, सुनीतीला नमस्कार करायला लावला. भोवती सतबीरचे काका, काकू, आणखी कोण कोण जमले होते.

मग दादी दाजींकडे वळली. "म्हारै तो यो सै. थारा देवता कौण सै?"

प्रश्न साधा होता. आमचा हा, तुमचा कोण? सगळे थांबले होते. मी दाजींकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून इतक्या सहज शब्द निघाला की मला क्षणभर खराच वाटला.

"खंडोबा."

"कित का?" दादी चौकशीत पक्की होती. कुठला ते विचारत होती.

"जेजुरीचा," दाजी म्हणाले.

दादी खूश झाली. लग्नानंतर आपण सगळे तिकडे जाऊ, ती म्हणाली, मुलगी आणतो आहोत तर तिच्या देवाला सांगायला नको का? सतबीरचे एक काका तिथल्या तिथे फोनवर गाड्या बघायला लागले. जेजुरीला स्टेशन आहे का, त्यांनी मला विचारलं. आहे, मी म्हटलं. प्रभाताई नवऱ्याकडे एकटक बघत होती. दाजी घुमटीतल्या दिव्याकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत पहिल्यांदा सुनीती बोलली. ती मागे वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. त्या दिवशी जेवताना हसलेली हीच मुलगी. "बाबा, तुम्हाला कळलं आणि तुम्ही मला सांगितलं नाही? कोणी सांगितलं? आजोबांच्या ओळखीचं कोणी भेटलं? मी तुम्हाला तेवढं ऐकवलं, पण मला पण पाहिजे होतं हो. लहानपणी शाळेत सगळे गावी जायचे, मी काय सांगायची माहितीये? आमचं गाव मसुरी."

गाडी बरीच पुढे गेली.

"कोणी भेटलं नाही," दाजी शेवटी म्हणाले. "मी बनवलं."

सुनीती तशीच वळलेली राहिली. सतबीरने आरशातून मागे बघितलं.

"इतकं सोपं होतं," दाजी म्हणाले. "एक नाव घ्यायचं. भाऊंनी एकदा जेजुरी म्हटलं असतं तर आम्ही जन्मभर जेजुरीला गेलो असतो. दर सुट्टीत गेलो असतो. कोण तपासायला बसलं होतं? मला वाटायचं ते लपवतात. काहीतरी वाईट घडलं असेल, भांडण, बदनामी, काहीतरी, आणि मला सांगत नाहीत. मी त्यांच्यावर फार रागावलो होतो. ते गेले त्या दिवशीसुद्धा रागावलेलाच होतो." त्यांनी गळ्यातला मफलर सोडला. "त्यांना माहीतच नव्हतं. कोण जाणे कुठे वाढले, कोणी वाढवलं. माहीत नव्हतं, आणि त्यांनी खोटं नाव घेतलं नाही. आज माणसांनी विचारल्याबरोबर मी घेतलं."

आणि दाजी रडायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, मफलर तोंडावर धरून रडत होता. प्रभाताईने त्यांचा हात धरला. मीसुद्धा रडलो, त्यात लाज कसली.

सतबीरने गाडी एका ढाब्यावर घेतली. चहा येण्याआधी दाजींनी त्याला दादीला फोन लावायला सांगितला. "आप मत बोलिए अंकल, मैं समझा दूँगा," तो म्हणाला. दाजींनी फोन त्याच्या हातातून घेतला आणि उभं राहून बोलले, जसे ते साहेबासमोर बोलत असतील तसे. "माँजी, मैंने वहाँ झूठ बोला. हमारा कुलदेवता कौन है, हमें पता नहीं. मेरे पिताजी को भी पता नहीं था."

सतबीरने स्पीकर सुरू केला होता. पलीकडे थोडा वेळ फक्त म्हशीचा आवाज आला. मग दादी म्हणाली, "तो के होया? म्हारै खेड़े आळे का नाम भी किसनै बेरा सै. दीवा तो बळै सै." म्हणजे, त्यात काय झालं, आमच्या खेड्यातल्याचं नाव तरी कोणाला ठाऊक आहे, दिवा तर रोज जळतो. मग तीच पुढे म्हणाली की उद्यापासून तिथे दोन दिवे लागतील. दुसरा तुमच्याकडच्याचा. मुलगी इकडे आली की तो तिने लावायचा, मग आम्ही लावणार नाही. आणि फोन ठेवून दिला, कारण म्हशींची वेळ झाली होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा चावडी बाजारात गेलो. पहिल्या ओळीची जागा कोरी ठेवा, दाजींनी दुकानदाराला सांगितलं. "बिल्कुल ख़ाली?" "बिल्कुल." पत्रिका पोचल्या तसे मला पुण्या-मुंबईहून फोन आले, वरचं नाव छापायचं राहिलं वाटतं. मी म्हटलं, हो, राहिलंय. छापून आलेली पहिली पत्रिका दाजींनी स्वतः नेऊन त्या घुमटीत ठेवली. तिथे उभं राहून ते काय बोलले ते मला माहीत नाही, मी मुद्दाम लांब उभा होतो.

कुलदैवत सापडलं का, तर नाही. वैद्य कुठले, तेही कळलं नाही, आणि शेतकरी आले की इथलेच होते यावर सुनीतीच्या लॅबमधले अजून भांडतात. लग्न झालं, आणि दाजी पुढच्या पावसाळ्यात वारले. हृदयाचं दुखणं निघालं, आम्हाला फार वेळ मिळाला नाही. सुनीती सुट्टीला सासरी जाते तेव्हा संध्याकाळी खेड्यावर जाते. परवा मी तिच्याबरोबर होतो. तिने दोन दिवे लावले. गावात नवी आलेली एक सून बाजूला उभी होती. तिने विचारलं, हा दुसरा कोणाचा.

"माझ्या माहेरचा," सुनीती म्हणाली, आणि वात जरा पुढे सरकवली.